शेवटच्या क्षणाचं तापमान

माझ्या भावानं ड्रम फोडला नाही. हे वाक्य मी एका उन्हाळ्यात इतक्या जणांना ऐकवलं की शेवटी आई म्हणाली, पुरे आता, घसा बसंल तुझा. बसू दे म्हटलं. ज्यांना ऐकायचं नव्हतं त्यांच्यासाठीच तर मी ते मोठ्यानं म्हणत होते.

कुठला ड्रम, ते आधी सांगते. आमचं गाव लोहा तालुक्यात. तिकडे ज्यांच्या विहिरीला पाणी आहे ते हळद लावतात. जमिनीतून काढलेली ओली हळद तशीच वाळत घालत नाहीत, आधी ती शिजवावी लागते. पूर्वी कढईत शिजवायचे, आता वाफेवर. त्या यंत्राला सगळे कुकर म्हणतात. मधे पाण्याची टाकी, तिच्याखाली जाळ, आणि दोन्ही अंगांना माणसाहून उंच असे दोन लोखंडी ड्रम. टाकीतली वाफ पाइपातून एका ड्रममध्ये सोडायची. तो शिजतोय तोवर दुसरा खालचं झाकण उघडून रिकामा करायचा आणि वरून टोपल्यांनी पुन्हा भरायचा. मग कॉक फिरवला की वाफ दुसऱ्या ड्रममध्ये. हे सकाळपासून दिवस मावळेपर्यंत चालतं. त्या दिवसांत आमच्या गावातल्या माणसांचे हात, सदरे आणि बैलांची शिंगंसुद्धा पिवळी असतात.

दादा हा कुकर चालवायचा. कुकर मालकाचा, शेत मालकाचं, हळद मालकाची. कॉक, जाळ आणि वाफेचा अंदाज दादाचा. आमच्या आजोबांच्या पिढीनं बौद्ध धम्म स्वीकारला, शिकायचं ठरवलं, पण जमीन काही धम्माबरोबर मिळत नाही. आमच्या वस्तीतली बरीच माणसं अजून दुसऱ्याच्या बांधावरच राबतात. त्यात दादाला कुकरवाला म्हणून शेजारच्या गावांतून बोलावणी यायची. मालकाच्या चुलत्याचा, मेव्हण्याचा कुकर बिघडला तरी दादालाच हाक मारायचे. गावात त्याच्याशी बोलताना लोकांचा आवाज जरा वेगळा असायचा, हे मी लहानपणापासून कान देऊन ऐकत आलेली बाई आहे, मला कळतं.

त्या वर्षी हळद नुकतीच सुरू झाली होती. भर दुपारी, दादा कॉकपाशी उभा असताना, ड्रमला जिथे वाफेचा पाइप येऊन मिळतो तिथला वेल्ड फाटला. वाफ त्याच्या उजव्या हातावर आली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलून निघाली. नांदेडला दवाखान्यात मी त्याच्या शेजारी बसले होते, तेव्हा तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होता, की ड्रममधली हळद कोणी काढली का, नाहीतर काळी पडंल.

हळद काढली होती. आणि आठवडा व्हायच्या आत गावात बोलणंही काढलं होतं. कुकर लातूरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं बनवलेला. कारखानदाराचं म्हणणं असं, की ड्रममध्ये खोट नाही, चालवणाऱ्यानं तापल्या ड्रमवर थंड पाणी मारलं असणार किंवा कॉक एकदम उघडला असणार. दादा म्हणाला, पाणी मारलं न्हाई, कॉक दमानंच उघडला. त्याचं कोणी ऐकलंच नाही. मालकांनी माझ्यासमोर मोबाइल धरला. त्यावर एका ड्रमचं चित्र, सगळा निळाशार.

"बग पोरी, त्येंच्या इंजिनेरानं काम्पुटरवर तपासलंय. निळं म्हंजे समदं ठीक. लाल असलं की डेंजर. कुटं लाल दिसतंय का? मंग कोनाची चूक म्हनायची?"

मी म्हटलं, "काका, मी कॉलेजात हेच शिकवते."

"त्ये खरं हाय गं," ते म्हणाले, "पन हे लातूरवरून आलंय."

मी त्यांना काका म्हणते. माझे वडील जन्मभर त्यांच्या वडिलांना मालक म्हणाले, दादा त्यांना मालक म्हणतो. मी बारावीनंतर एक दिवस ठरवून काका म्हणायला लागले. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ते जरा थांबले होते, आणि मीही माघार घेतली नव्हती. माणूस वाईट नाही. पण त्या निळ्या चित्रानं त्यांची मोठी सोय केली होती. त्यांनी दुसरा कुकरवाला लावला, शेजारच्या गावातून तसलाच कुकर भाड्यानं आणला, आणि लोह्याच्या बसस्टँडवर मी माझ्या कानांनी ऐकलं, की दादाचं नाव आता ड्रम फोडणारा. एकदा हे नाव पक्कं झालं की तालुक्यात कोणी त्याच्या हाती कॉक देणार नव्हतं. हात बरा झाला असता, नाव झालं नसतं.

मला राग दोन गोष्टींचा होता. एक म्हणजे माझ्या भावाला खोटं पाडलं. दुसरी, ज्या गोष्टीवर मी पोट भरते तिच्याच तोंडून त्याला खोटं पाडलं. दुसरा राग जास्त होता, हे खरं सांगून टाकते.

नांदेडच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात मी कंत्राटी प्राध्यापक आहे. तिथल्या प्रयोगशाळेत ते सॉफ्टवेअर आहे, ज्यात यंत्राचा नमुना काढायचा, त्याला उष्णता द्यायची, दाब द्यायचा, आणि ते कसं वागेल ते पाहायचं. मी ड्रम काढायला बसले. दादाच्या फाटलेल्या ड्रमची मापं मी स्वतः टेप लावून घेतली. पत्रा पातळ होता. पण पाइप जिथे मिळतो तिथे कारखान्यानं मजबुतीसाठी एक जाडजूड लोखंडी चकती चहूबाजूंनी वेल्ड करून ठेवली होती. फाटलं होतं ते त्या चकतीच्या कडेला, पातळ आणि जाड भेटतात बरोबर तिथे.

आता यात दोन प्रश्न असतात. पहिला उष्णतेचा, म्हणजे कोणत्या क्षणी ड्रम कुठे किती तापलेला आहे. दुसरा ताणाचा. तापलेलं लोखंड फुगतं, निवलेलं आकसतं. पातळ पत्रा झटकन तापतो, झटकन निवतो. जाड चकती आपल्या वेळेनं. एक फुगायला बघतो, दुसरी त्याला फुगू देत नाही, आणि दोघांना वेल्डनं बांधून ठेवलेलं. त्या ओढाताणीत वेल्डवर किती ताण येतो, हा दुसरा प्रश्न. मी सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळ्या स्टडी, म्हणजे दोन वेगळी गणितं, करायचं ठरवलं. पहिली उष्णतेची सोडवायची, तिनं प्रत्येक क्षणाचं तापमान साठवून ठेवायचं. मग दुसरी स्टडी पहिलीकडून ते तापमान घेऊन ताण काढणार.

आमचे विभागप्रमुख भला माणूस, पण त्यांना भारी दिसणाऱ्या गोष्टी आवडतात. माझ्या खुर्चीमागे उभं राहून ते म्हणाले, "मॅडम, दोन्ही एकत्रच सोडवा ना. एकामागून एक म्हणजे अगदीच साधं दिसतं."

"सर, साधंच आहे ते. पत्रा तापला म्हणून ताण येतो. ताण आला म्हणून वाफ थंड होते का?"

"तसं नाही होत."

"मग दुसरी पहिलीला सांगणार काय? एकत्र सोडवलं तर कॉम्प्युटर दिवसभर घरघर करेल आणि उत्तर तेच येईल. वीज गेली तर तेही नाही येणार."

ते हसून निघून गेले. त्यांना पटलं की ते कंटाळले, मला माहीत नाही. पण एकाच दिशेनं जाणाऱ्या गोष्टी मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या गावात हुकूम वरच्या आळीतून खालच्या आळीत येतो आणि खालून वर फक्त "व्हय मालक" जातं. हे पाहतच मी वाढले आणि मला त्याची चीड आहे. लोखंडाच्या बाबतीत मात्र ते खरं होतं, म्हणून मी तसंच मांडलं.

नमुना घरबसल्या काढून भागणार नव्हतं. भाड्यानं आणलेला कुकर जिथे चालू होता त्या शेतावर मी गेले. कॉलेजातलं तापमान मोजायचं पिस्तूल पर्समध्ये होतं, लांबून धरलं तरी आकडा दाखवतं. बायका टोपल्या भरत होत्या, पाल्याचा धूर डोळ्यांत जात होता. नवा कुकरवाला मला ओळखत होता, मान खाली घालून कॉक फिरवत होता. एक ड्रम शिजला. त्यानं खालचं झाकण उघडलं, वाफाळती हळद धबाधबा जमिनीवर आली. ड्रम रिकामा होतो न होतो तोच बायकांनी वरून ओली, मातीनं लडबडलेली हळद टाकायला सुरुवात केली. तापल्या लोखंडावर गार हळद पडली की आतून चर्रर्र आवाज यायचा. मी पिस्तूल रोखून आकडे बघत राहिले. पत्रा बघता बघता निवत होता आणि जाड चकती अजून रागावलेलीच होती.

मालक बांधावरून आले. "काय मोजूलालीस?"

"तुमचा ड्रम किती तापतो ते."

"मोज, मोज," ते म्हणाले आणि लगेच बायकांवर ओरडले, "हात चालवा गं! ड्रम निवाय लागला तर जाळ फुकट जातोय!"

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. त्या वेळी त्याचं मोल कळलं नव्हतं, पण राहिलं.

मी पहिली स्टडी तशीच मांडली, जसं शेतावर घडतं तशी. एक खेप शिजते, ड्रम रिकामा होतो, गार हळद पडते, पुन्हा वाफ येते. मग दुसरी स्टडी. तिथे एक छोटीशी जागा असते, जिथे तिला सांगावं लागतं की पहिलीतल्या कोणत्या क्षणाचं तापमान घ्यायचं. काहीच सांगितलं नाही तर ती गुपचूप शेवटच्या क्षणाचं घेते. मी तिला सगळे क्षण घ्यायला लावले. आणि वेल्डच्या कडेला, चकतीभोवती, लाल कडं उमटलं. ड्रम जिथे फाटला होता तिथेच. मी खुर्चीवरून उठून प्रयोगशाळेतच टाळी वाजवली. पलीकडे प्रात्यक्षिकाला आलेल्या मुली दचकल्या.

मग मी उलटा उद्योग केला. लातूरच्या इंजिनीअरला निळं चित्र मिळालं कसं? मी एकेक गोष्ट बदलून पाहिली, त्याच्यासारखं निळं काही होईना. शेवटी एकच खेप ठेवली, गार ड्रमपासून हळद शिजेपर्यंतची, आणि दुसरीला शेवटचा क्षण घेऊ दिला. निळंशार. हळद शिजून तयार झाली तेव्हा पत्राही तापलेला, चकतीही तापलेली, दोघांचं भांडण मिटलेलं. त्या क्षणी ड्रमवर ताण कसला असणार? लग्नात मारामारी झाली का, हे मांडव काढल्यावर जाऊन बघण्यासारखं ते होतं. या माणसानं हळदीचा ड्रम भरताना कधी पाहिलेलाच नव्हता. त्याच्या लेखी हळद एकदा शिजली की गोष्ट संपली.

इथवर सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. पण लाल कडं कोणत्या क्षणाला उमटतं ते मी नीट पाहिलं आणि माझं तोंड उतरलं. दोन वेळा उमटत होतं. एकदा वाफ सोडल्यावर, थोडं. आणि एकदा गार हळद तापल्या ड्रममध्ये पडल्यावर, भडक. म्हणजे ड्रम रिकामा झाल्यावर तो निवायची वाट न बघता लगेच भरला, म्हणून. आणि दादाच्या कुकरवर, भरा म्हणून सांगायचं काम दादाचं.

विभागप्रमुखांनी चित्रं पाहिली. त्यांना सगळी हकिकत माहीत होती. खुर्ची ओढून ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, वाफेचं चित्र दाखवा. तेवढ्यानंही डिझाइन चुकलंय हे सिद्ध होतं. दुसरं दाखवायलाच पाहिजे असं थोडंच आहे? कोण विचारतंय कोणता क्षण घेतला ते?"

सल्ला मायेनं दिलेला होता. मी दिवसभर सगळ्यांवर डाफरत राहिले. मला सोयीचा क्षण तेवढा दाखवायचा, तर मग लातूरवाल्यात आणि माझ्यात फरक तो काय? आणि लपवायचं म्हणजे कबूल करायचं, की दादानं काहीतरी लपवण्यासारखं केलं. ते मला मान्य नव्हतं. त्यानं जे केलं ते अख्खा तालुका करतो.

संध्याकाळी घरी गेले. दादा ओट्यावर बसला होता, हाताला पट्टी. मी त्याला मोबाइलवर लाल चित्र दाखवलं आणि जसं आहे तसं सांगितलं.

त्यानं मोबाइल डाव्या हातात घेतला. "काय करूलालीस तू हे? माज्यासाटी का माज्याइरुद्द?"

"तू लगेच भरायचास ना, दादा?"

"लगीच म्हंजे? भरतोच की. समदेच भरतेत. ड्रम निवूस्तोर थांबलो तर मालक बोंब मारतेत."

"मग हे लातूरला कारखान्यात येऊन सांगशील?"

त्यानं मोबाइल परत दिला. आई आतून म्हणाली, कशाला त्या मोठ्या माणसांच्या नादी लागता, हात वाचला ते काय कमी झालं? दादा आईकडे बघत म्हणाला, "हात वाचला गं. पन मला ड्रमफोड्या म्हनूलालेत."

आम्ही लातूरला गेलो ते मालकांच्याच गाडीतून. त्यांना ड्रम बदलून हवा होता, म्हणून तेही येणार होते. दादा मागे, मी मागे, ते पुढे ड्रायव्हरशेजारी. अख्ख्या वाटेत ते उसाबद्दल बोलले. कारखान्यात एका खोलीत टेबलाभोवती बसवलं, चहा दिला. समोर कारखानदार, त्यांच्या शेजारी त्यांचा सल्लागार इंजिनीअर. दादाला खुर्ची कमी पडली. एक स्टूल आणून दारापाशी ठेवलं. मी उठले, माझी खुर्ची टेबलाशी दादाला दिली आणि मी स्टुलावर बसले. सगळ्यांनी पाहिलं. मला तेच हवं होतं.

सल्लागारांनी लॅपटॉप उघडला. भाषा स्वच्छ, शर्ट त्याहून स्वच्छ. "आम्ही आधी थर्मल केलं, मग स्ट्रक्चरल. एकामागून एक. शास्त्रशुद्ध पद्धत आहे. बघा, कुठेही धोका नाही."

"पद्धत बरोबर आहे," मी म्हटलं. "मीही तीच वापरली. दुसऱ्या स्टडीला तापमान कोणत्या क्षणाचं दिलंत?"

"म्हणजे?"

"पहिल्या स्टडीत अनेक क्षण आहेत. त्यातला कोणता?"

ते स्क्रीनकडे वळले. माउस थोडा इकडे तिकडे फिरला. "ते आपोआप शेवटचं घेतं. स्टडी पूर्ण झाल्यावरचं. तेच घ्यायचं असतं, ड्रम तेव्हा सगळ्यात जास्त तापलेला असतो."

"जास्त तापली म्हणजे जास्त ताण असं नसतं, सर. सगळंच सारखं तापलं तर ओढाताण कशात होणार? हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही बघितलं नाही एवढंच. आणि तुमच्या नमुन्यात दुसरी खेपच नाही. दिवसाला एकच खेप शिजवणारा शेतकरी मला दाखवा."

मी माझा लॅपटॉप त्यांच्याशेजारी ठेवला आणि क्षण एकेक करून पुढे सरकवत गेले. निळं, निळं, हिरवट, मग चकतीभोवती लाल. वाफेच्या वेळी. मी थांबले नाही. गार हळदीच्या क्षणावर नेलं आणि तिथे बोट काढून घेतलं.

सल्लागारांना सावरायला वेळ लागला नाही. "एक मिनिट. हा क्षण कोणता?"

"ड्रम रिकामा केल्यावर लगेच गार हळद भरली तो."

"लगेच भरली!" कारखानदार खुर्चीत पुढे सरकले. "मग मी काय सांगतोय पहिल्यापासून? ऑपरेटरचीच चूक! ड्रम निवू द्यायला नको का? ताई, तुम्ही स्वतःच सिद्ध केलंत."

मालक माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांच्या विहिरीत माती टाकली होती. मी बोलायला तोंड उघडणार, तोच दादा बोलला. पट्टीचा हात त्यानं टेबलावर ठेवला होता.

"हाव. मी लगीच भरली."

सगळे त्याच्याकडे वळले.

"त्या दिशीच न्हाई, रोज भरतो. तुमचा मानूस गावात कुकर उभा कराय आला हुता, त्यानंच दावलं. एक ड्रम शिजूस्तोर दुसरा भरून ठिवा, थांबायचं काम न्हाई, म्हनूनच दोन ड्रम देतो म्हनला. खोटं असंल तर बलवा त्याला हितं. आन् मालक बांधावर हुबे ऱ्हाऊन काय वरडतेत त्ये त्येंना इचारा. मी थांबलो असतो तर मला कामावर ठिवलं असतं का, मालक?"

मालकांनी चहाचा कप उचलला. तो रिकामा होता, तरी तोंडाला लावला.

मी एवढंच जोडलं, की हळद रोज अशीच भरली जाणार हे ज्याला माहीत आहे, त्यानं ती सोसेल असा ड्रम बनवायचा. जाड चकतीऐवजी पातळ, वाकू शकेल असा जोड दिला तर काय होतं, तेही मी काढून आणलं होतं. तेच क्षण, तीच गार हळद, आणि लाल कडं नाही. ते चित्र मी दाखवलं. सल्लागार पहिल्यांदाच काही न बोलता जवळ सरकून बघायला लागले, आणि खरं सांगते, त्या वेळी ते मला इंजिनीअर वाटले.

कारखानदारांनी चूक कबूल केली नाही. ड्रम नवीन देतो म्हणाले, नव्या जोडाचा, केवळ संबंध राहावेत म्हणून. "फक्त या भाऊंना जरा समजावून सांगा, काळजी घ्या म्हणावं."

"नाही," मी म्हटलं. "आधी यांना सांगा, तुमची चूक नव्हती म्हणून. मालकांच्या समोर सांगा. निळं चित्र तुम्ही मालकांना पाठवलं होतं, ते गावभर फिरलं."

ते हसले, घड्याळ बघितलं, पुन्हा हसले. मी स्टुलावरून हलले नाही. दादाही हलला नाही, आणि गाडी मालकांची असली तरी आम्ही उठल्याशिवाय मालकांनाही उठता येईना. शेवटी कारखानदार दादाकडे न बघता, टेबलाकडे बघत म्हणाले, "ऑपरेटरची चूक दिसत नाही." मला त्याहून जास्त हवं होतं. तेवढंच मिळालं. मी ते मालकांना पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणायला लावलं, ऐकू आलं ना काका, असं विचारून.

परतीच्या वाटेवर मालक उसाबद्दल काही बोलले नाहीत.

नवा ड्रम आला तेव्हा हळद संपत आली होती. दादाच्या हातावर नवी, गुलाबी कातडी आली होती. मालकांनी त्याला स्वतः बोलावलं नाही, शेजाऱ्याकरवी कळवलं, की ड्रम आलाय, यायचं तर ये. आई म्हणाली जाऊ नको. मी म्हटलं जा, आणि मीही सुट्टी काढून गेले. माझं तिथे काही काम नव्हतं. पण माझ्या चित्रातला जोड खऱ्या लोखंडात पाहायचा होता.

पहिली खेप शिजली. बांधावर नेहमीपेक्षा जास्त माणसं जमली होती. बसस्टँडवर बोलणाऱ्यांपैकीही दोघे होते. दादानं खालचं झाकण उघडलं, हळद जमिनीवर आली. बायका टोपल्या उचलून शिडीवर चढल्या आणि सवयीनं ओतायला निघाल्या. दादानं हात वर करून त्यांना थांबवलं.

मग तो बांधाकडे वळला. हे त्यानं मला आधी सांगितलं नव्हतं.

"मालक," त्यानं हाक मारली. "भरू का निवू देऊ?"

मालक दचकले. एवढ्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. ते नुसते ओरडायचे, आणि ओरडणं हवेत विरून जायचं. पुढे काही झालं की जणू कोणी ओरडलंच नव्हतं. माणसं त्यांच्याकडे बघत होती. ड्रम निवत होता, खालचा जाळ भडकत होता.

"आता त्ये काय इचारायचं..." ते पुटपुटले.

"ऐकू येईना, मालक. जाळाचा आवाज हाय. भरू का थांबू?"

बायका डोक्यावर टोपल्या घेऊन शिडीवर तशाच उभ्या होत्या. मी मालकांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे.

"भर!" ते ओरडले. "भर म्हनलं की!"

"भरा गं," दादा बायकांना म्हणाला, "मालक भर म्हनलेत." ओली हळद चर्रर्र करून ड्रममध्ये पडली. जोड कुरकुरला नाही. त्यानंतर प्रत्येक खेपेला तो बांधाकडे वळून तेच विचारतो, आणि मालकांना प्रत्येक खेपेला, सगळ्यांदेखत, उत्तर द्यावं लागतं.